सतरा नंबरची हजेरी

सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या गळ्यात पाच पुरुष राहत होते. पहिला, कायम सर्दी झालेला वेल्डर. दुसरा अग्निशमन दलातला जवान, त्याचा आवाज छातीतून यायचा. तिसरा वायरमन, शब्दाचा शेवट गिळणारा. चौथा आणि पाचवा लोखंडाच्या कारखान्यातले, एकमेकांचे साडू. त्यांच्यात फरक एवढाच की एक ‘येस सर’ म्हणायचा आणि दुसरा नुसतंच ‘सर’. दर रविवारी सकाळी दहा वाजता हे पाचही जण गरजेप्रमाणे माझ्या तोंडून बाहेर यायचे, हजेरी लावायचे आणि परत आत जाऊन बसायचे.

हा वर्ग औद्योगिक सुरक्षेच्या पदवीचा होता. नोकरी करणाऱ्यांसाठी, फक्त रविवारी, संभाजीनगरला. जालन्याहून सकाळची बस धरायची, संध्याकाळी परत. वर्गात अठ्ठावीस पुरुष आणि मी. हजेरी घेणारे सर रजिस्टरातून मान वर काढत नसत. मी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचे, रुमाल तोंडाला लावायचे आणि ज्याची शनिवारची पाळी लांबली असेल त्याचा नंबर पुकारला की त्याच्या आवाजात हजर व्हायचे. तीन वर्षांत एकदाही पकडले गेले नाही. एकदा तर वेल्डर स्वतः वर्गात बसलेला होता आणि सवयीने मीच त्याची हजेरी देऊन टाकली. नंतर तो म्हणाला, “ताई, माझ्यापेक्षा तुमचा आवाज माझा वाटतो.”

मोबदल्यात पुरुष मला आकृत्या काढून द्यायचे. मला चित्र येत नाही. मी काढलेला अग्निशामक सिलिंडर दुधाच्या किटलीसारखा दिसतो.

आवाजांची ही कला वाटूरची. तिथे माझं बालपण गेलं. जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी नाटक बसायचं आणि मुलींना कामं करू द्यायला घरं तयार नसायची. माझे वडील शिक्षक, नाटक बसवणारे तेच, त्यामुळे घरून मला नाही म्हणणारं कोणी नव्हतं. एका वर्षी मी एकाच नाटकात पाटील आणि पाटलीण दोन्ही होते. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. पडद्याच्या एका कडेला उभी राहून मी स्वतःशी भांडले आणि पाटलीण जिंकली. लोकांनी पुन्हा करायला लावलं.

असो. पदवी कशासाठी, ते सांगते.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीत निवड आणि पॅकिंगच्या हॉलची सुपरवायझर. अठरा वर्षं झाली होती. कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागणार असं ठरलं, तेव्हा आमचे व्यवस्थापक साहेब बाहेरून माणूस आणण्याच्या विचारात होते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, मी होते की.”

“तुम्ही? सुरक्षा अधिकारी?”

“मंग काय झालं. कोणाचं बोट कोणत्या पट्ट्यात जातं ते मला अठरा वर्षांपासून माहीत हाय.”

“बोट माहीत असून चालत नाही बाई. पदवी लागते.”

“आणते पदवी.”

“तीन वर्षं लागतील.”

“तवर तुम्ही कुठं जाऊन राह्यलात का?”

साहेब हसले आणि फसले. ठरलं असं की तीन वर्षं महिन्यातून एकदा बाहेरचा सल्लागार येऊन कागद बघेल. तिसऱ्या वर्षाचा हंगाम संपेपर्यंत माझ्या हातात पदवी असेल तर खुर्ची माझी. नसेल तर बाहेरचा माणूस.

दोन वर्षं आणि अकरा महिने सगळं सुरळीत गेलं. आगीचे प्रकार पाठ झाले, कायद्याची कलमं बसमध्ये पाठ झाली. शेवटी एकच गोष्ट उरली, प्रकल्प. आपापल्या कारखान्यात आणीबाणीची रंगीत तालीम घेऊन दाखवायची, बाहेरचे परीक्षक येऊन बघणार. पुस्तकात ‘रंगीत तालीम’ हे शब्द वाचले आणि मला वाटलं, ही पदवी माझ्यासाठीच काढलेली आहे.

मी देखावा ठरवला. दोन नंबरच्या गोदामात बियाण्याला कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली गोळ्या ठेवून धुरी देतात. त्या गोळ्यांचा वायू विषारी असतो. समजा, ताडपत्री फाटली आणि वायू सुटला. भोंगा वाजणार, हॉलमधल्या बायका काम सोडून फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली जमणार, मी मोजणी करणार, सगळ्या सुखरूप आहेत असं जाहीर करणार. पडदा.

वारा कुठला ते कळायला छपरावर कापडी नळी टांगायची असते. वायू ज्या दिशेला जातोय त्या दिशेला पळू नये म्हणून. माझा नवरा जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवायचं काम करतो. त्याने केशरी कापडाचा तुकडा आणला आणि घरीच नळी शिवली. पायजम्याचा एक पाय शिवावा तशी ती झाली. वर टांगल्यावर बायका सबंध दिवस माना वर करून हसत होत्या.

“ताई, दादाचा दुसरा पाय कुठंय?”

“तो घरी हाय, वारा पडल्यावर घालतेत.”

हॉलमध्ये बेचाळीस बायका. जवळच्या गावांतून मुकादमाच्या टेम्पोने सकाळी येतात, संध्याकाळी त्याच टेम्पोने जातात. मधे दुसरं वाहन नाही. फाटकाशी एका पाटीवर पितळी बिल्ले टांगलेले, एक ते बेचाळीस. आत जाताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, बाहेर पडताना परत टांगायचा. म्हणजे पाटीवर जेवढे खिळे रिकामे तेवढ्या बायका आत. सरकीची धूळ फार, म्हणून सगळ्यांनी नाकातोंडाला ओढणी गुंडाळलेली आणि वर कंपनीची निळी टोपी. दिवसभर मला दिसतात ते फक्त डोळे आणि हात.

पहिल्या सरावाला भोंगा वाजला आणि एकही बाई दाराकडे गेली नाही. सगळ्या डब्यांच्या मांडणीकडे पळाल्या.

“डबा राहू द्या, आधी बाहेर चला.”

“अवो ताई, वायू डब्यात गेला मंग खायाचं काय?”

डब्यांनंतर चपला. चपला हॉलबाहेर एका ढिगात असतात. बेचाळीस जोडांतून आपापला जोड शोधेपर्यंत मी वेळ बघायचं सोडून दिलं. त्यानंतर आठवडाभर मी रोज दुपारी त्यांना अनवाणी, रिकाम्या हातांनी लिंबाखाली पळवत नेलं. एक म्हातारी म्हणाली, “माय, लग्नात बी इतकं पळवलं न्हवतं.” आठवड्याअखेरीला सहा मिनिटांत हॉल रिकामा होऊ लागला.

मग मोजणीचा सराव. डोकी मोजण्यापेक्षा बिल्ल्याचा नंबर पुकारायचा आणि तिने ‘हजर’ म्हणायचं, असं मी ठरवलं. परीक्षकांवर छाप पडेल म्हणून. सोळापर्यंत बरोबर चाललं. सतरा पुकारल्यावर एक क्षण शांतता गेली आणि मग बारीक आवाजात आलं, “हजर.”

मी वही मिटली. सतरा नंबरला मी ओळखत होते. माहेर हसनाबादचं, लहानपण शेळ्यांमागे गेलेलं, माळाच्या दुसऱ्या टोकाच्या शेळीला हाक ऐकू जावी असा आवाज. ती कुजबुजली तरी बी निवडणाऱ्या ग्रेडर मशीनच्या वरून ऐकू येते. हा आवाज तिचा नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधला तो थांबा. आपण आज कोण आहोत हे आठवायला जो वेळ लागतो, तो थांबा. मी तीन वर्षं दर रविवारी हाच धंदा करत होते. हा थांबा न येऊ देणं हीच त्यातली सगळी कला.

“सतरा, पुढं ये. ओढणी काढ.”

ओढणी निघाली. विशी-बाविशीची, किरकोळ अंगाची बाई.

“तू कोण?”

“मी तिची धाकटी जाऊ, ताई. ती भावाच्या लग्नाला हसनाबादला गेल्ती, तिकडंच हाय. चार दिवस.”

“मंग तिचा बिल्ला तुझ्याकडं कसा?”

उत्तर म्हातारीने दिलं. “ताई, तुम्ही लै पुस्तकं वाचली, पण हे ठाऊक न्हाई का? बिल्ला सलग तीन दिवस खिळ्यावर दिसला की मुकादम दुसरीला देतो. हंगाम गेला मंग. म्हून बिल्ला खिळ्यावर राहू द्यायचा न्हाई. कोणीतरी बसवायचं.”

बदलीची कुणकुण मला होती. एखादी असेल, असं वाटायचं. मी सगळ्यांना ओढण्या काढायला सांगितल्या. बेचाळीसपैकी सात जणी दुसऱ्याच होत्या. एकीच्या जागी नणंद, एकीच्या जागी सासू. एक बाई तर पुण्याला राहायला गेलेल्या शेजारणीच्या बिल्ल्यावर वर्षभर काम करत होती, आणि तिला मी तिच्या शेजारणीच्या नावाने दोनदा शाबासकी दिली होती. सगळ्या हसायला लागल्या. खरं सांगते, मीही हसले. सात बायका माझ्या नाकासमोर सोंगं वठवत होत्या आणि मी, आवाजांची राणी, मला पत्ता नव्हता.

आता काय करावं? साहेबांना सांगितलं तर सात घरांचा हंगाम बुडणार. आणि उपदेश करायला माझं तोंड कुठलं? गेल्याच रविवारी मी वायरमन आणि एक साडू एवढ्यांची हजेरी दिली होती. मी मनाशी म्हटलं, बिल्ले बेचाळीस, डोकी बेचाळीस, हिशेब बराबर आहे. गुरुवारी परीक्षक येणार. गुरुवार निघू दे.

“ऐका. गुरुवारी जिचा बिल्ला तिनंच यायचं. बदली कोणीच यायचं न्हाई. एक दिवस माझ्यासाठी एवढं करा.”

सहा जणींचं जमलं. पुण्याच्या बिल्ल्यावरची बाई म्हणाली, आता मीच ती. मी म्हटलं, बरं. अडचण सतराची होती. लग्न गुरुवारीच. तिला फोन लावला तर मागे हलगी वाजत होती आणि ती ओरडत होती, “मला न्हाई जमायचं ताई, मी करवली हाय.” मग जाऊच येणार असं ठरलं. मी तिला बाजूला घेऊन दोन दिवस तालीम दिली.

“पोटातून आवाज काढ. थांबायचं न्हाई. सतरा म्हणलं की लगेच.”

“हजर.”

“अगं, शेळी माळाच्या पलीकडं हाय.”

“हजर.”

“अजून लांब.”

बुधवारी संध्याकाळी ती इतकी बरी करायला लागली की मी तिला म्हटलं, तू वाटूरला जन्मली असतीस तर पाटलीण तुलाच दिली असती.

गुरुवारी परीक्षक आले. सडपातळ, शांत गृहस्थ, गळ्यात थांबवता येणारं घड्याळ. चहा नको म्हणाले. कापडी नळीकडे बघून विचारलं, “ही कुठून घेतली?” “घरी शिवली, सर.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. साहेब नवा शर्ट घालून बाजूला उभे.

भोंगा वाजला. बायका निघाल्या, अनवाणी, रिकाम्या हातांनी, वाऱ्याला आडव्या. एकीनेही डब्याकडे बघितलं नाही. सहा मिनिटांच्या आत बेचाळीस ओढण्या लिंबाखाली रांगेत. मी वही उघडली. आजचा माझा आवाज नेहमीपेक्षा जरा जड लावला होता, अधिकाऱ्याला शोभेल असा.

“सोळा.”

“हजर.”

“सतरा.”

“हजर.”

काय आवाज आला. थांबा नाही, कंप नाही, माळाच्या पलीकडची शेळी तर सोडा, पुढच्या गावची वळली असती. मी मनात म्हटलं, काय शिकवलंय मी. अठरा पुकारलं, एकोणीस पुकारलं. विसाव्या नंबराला रांगेतून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखला, खऱ्या सतराचा. जावेला मी ‘हजर’ शिकवलं होतं. खोकला शिकवला नव्हता.

पुढचे नंबर मी पुकारले, पण मला ऐकू काहीच येत नव्हतं. बेचाळीस झाले. परीक्षकांनी घड्याळ थांबवलं.

“बेचाळीसपैकी बेचाळीस. चांगलं आहे.” त्यांनी पेन उघडलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

मी रांगेत शिरले आणि सतरासमोर उभी राहिले. ओढणीच्या वर तिचे डोळे हसत होते.

“तू कशी आलीस?”

“तुमची परीक्षा म्हून आले ना ताई. हळद लावून पहाटंच्या जीपनं निघाले. लगीन रातचं हाय, संध्याकाळी परत जाते.”

“आणि तुझी जाऊ?”

“ती टेम्पोनं आल्ती. फाटकावर भेटली. मी म्हणलं, दे माझा बिल्ला. टेम्पो तर गेलता. मंग तिला म्हणलं, बस संध्याकाळपर्यंत सावलीला कुठंतरी.”

“फाटकातून आत कशी आली बिनबिल्ल्याची?”

“ओढणीत सगळ्या सारख्याच दिसतेत ना, ताई.”

“कुठं बसलीय?”

तिचे डोळे दोन नंबरच्या गोदामाकडे वळले.

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं होतं. खऱ्या वायूचा त्या दिवशी प्रश्नच नव्हता, धुरी बंद होती, गोदामात नुसती पोती. ती बाई तिथे संध्याकाळपर्यंत बसली असती, कोणाला कळलं नसतं, आणि मी तिला घरी जाताना वडापाव खाऊ घातला असता. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. वडापावसुद्धा.

“सर, सही करू नका. एक बाई आत आहे.”

“मोजणी तर पूर्ण झाली.”

“त्रेचाळिसावी आहे.”

साहेबांचा चेहरा मी बघितला नाही. मी गोदामाकडे पळाले. दहा पावलं गेले असेन, मागून परीक्षकांचा आवाज आला, अजिबात न चढवलेला.

“थांबा. आत वायू आहे.”

“सर, वायू नाही, तालीम आहे.”

“तालमीत आहे. असंच पळत आत जाणारा माणूस दुसरा बळी ठरतो. हे पहिल्या वर्षाला शिकवलंय तुम्हाला.” त्यांनी घड्याळ पुन्हा सुरू केलं होतं.

शिकवलं होतं. पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. मी परत फिरले, भिंतीवरचं श्वसनयंत्र काढलं, सिलिंडर पाठीवर घेतला, मुखवटा चढवला. पट्टे लावायला सोपे नसतात. माझ्याबरोबर जाण्याचा सराव केलेला फोरमनही मुखवटा लावून आला. आम्ही दोघं सोंडेचे हत्ती गोदामात शिरलो.

पोत्यांच्या थप्पीमागे ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला बघून तिने पोत्याच्या आड डोकं घातलं. मी म्हटलं, “भिऊ नको, मी आहे.” मुखवट्यातून काय आवाज निघतो ते मला त्या दिवशी कळलं. म्हशीने मडक्यात तोंड घालून हंबरावं तसा. पाच पुरुष आणि एक पाटील गळ्यात असून एकही कामाला आला नाही. शेवटी मी गळ्यातलं ओळखपत्र तिच्यापुढे धरलं, तेव्हा ती उठली.

बाहेर लिंबाखाली आल्यावर मुखवटा काढून मी तिला विचारलं. परीक्षक शेजारीच उभे होते.

“भोंगा ऐकू आला न्हाई का तुला?”

“आला ना.”

“रोज सराव केला आपण. मंग बाहेर का आली न्हाईस?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही असं दिसलं. “ताई, मी आज हजर न्हाई ना. बिल्ला तर जाऊबाईकडं हाय. मी आले असते तर तुमची मोजणी चुकली असती.”

माझी मोजणी चुकू नये म्हणून ती विषारी वायूत बसून राहिली होती. पुस्तकात आगीचे प्रकार आहेत, वायूचे आहेत, जखमांचे आहेत. हा प्रकार कुठे नव्हता.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. “एकवीस मिनिटं.” मग मला विचारलं, “बेचाळीसचा मेळ बसला होता. तुम्हाला कशावरून कळलं?”

“सतराचा आवाज खरा होता म्हणून, सर. मी खोट्याची वाट बघत होते.”

“आवाजावरून खरं-खोटं ओळखता येतं?”

“सवय आहे, सर.”

“कुठे लागली?”

“रविवारी.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. कागदावर ‘पुन्हा घ्यावी’ असं लिहिलं, खाली चार ओळींचा शेरा. कारखान्यात प्रत्यक्ष कोण आहे याची नोंद नाही, हे त्यातलं पहिलं वाक्य.

म्हणजे मी नापास. प्रकल्प पुढच्या सत्रात. हंगाम संपला आणि खुर्चीवर बाहेरचा माणूस आला, तिशीतला, बुटांना रोज पॉलिश करणारा, सहा महिन्यांच्या करारावर. मुलगा चांगला होता. त्याला गोदामं मीच दाखवली.

साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग तो शेरा हातात घेऊन मीच गेले.

“साहेब, हे कागदावर आलंय. कोणी विचारलं तर काय सांगाल?”

“तुम्ही गप्प बसला असता तर कागदावर आलं नसतं.”

“खरंय. पण आता आलंय.”

पांढरे बिल्ले माझी कल्पना. पत्र्याचे, आकडे वेगळे, पाटीच्या खालच्या रांगेत. कोणाच्याही जागी कोणी आलं तर तिने पांढरा घालायचा, नाव चौकीदाराच्या वहीत. फाटकावर ओढणी खाली. आणि जिचा पितळी बिल्ला खिळ्यावर राहिला तो पंधरा दिवस दुसरीला द्यायचा नाही. मुकादम यावर फार चिडला.

“बाई, मंग माझ्या हातात काय राह्यलं?”

“टेम्पोचं स्टेअरिंग.”

“तुम्हाला काय करायचं, कोण कोणाच्या जागी येतं ते?”

“मला फक्त आत किती हायेत ते करायचंय, भाऊ. कामून आल्या ते मी विचारत न्हाई.”

तो तणतणत गेला. साहेबांनी सही केली, कारण शेऱ्याची दुसरी प्रत परीक्षकांकडे होती.

त्या तालमीनंतरच्या पहिल्याच रविवारी वर्गात गेले तेव्हा वेल्डर आलेला नव्हता. त्याचा नंबर पुकारला गेला. पुढच्या बाकावरचे दोघं मागे वळून माझ्याकडे बघू लागले. मी रुमाल पिशवीत ठेवला. सरांनी नंबर दुसऱ्यांदा पुकारला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. पुरुषांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. अग्निशमनवाला तेवढा म्हणाला, “ताई, निदान जाता जाता एकदा त्याची सर्दी तरी काढायची होती.” पण आकृत्या बंद झाल्या. प्रकल्पाचा कारखान्याचा नकाशा मला स्वतः काढावा लागला. तीन आठवडे लागले. लिंबाचं झाड कोबीसारखं आलं. दोन नंबरच्या गोदामात मी पोत्यांच्या थप्प्या काढल्या आणि एका थप्पीमागे पेनाने एक ठिपका ठेवला.

पुढच्या सत्रात तेच परीक्षक आले. पॉलिशवाल्या मुलाचा करार त्याच महिन्यात संपत होता. भोंगा वाजला, बायका आल्या. त्या दिवशी सदतीस पितळी होत्या आणि पाच पांढऱ्या. पांढऱ्यांपैकी एक ती जाऊ. मी तिचा नंबर पुकारायच्या आधीच तिने ‘हजर’ म्हटलं, आणि असं म्हटलं की साहेब दचकले. ती तालीम माझीच.

परीक्षकांनी चौकीदाराची वही बघितली, रांग स्वतः मोजली, दोनदा. मग नकाशा उघडला आणि बोट ठेवलं.

“हा ठिपका कसला?”

“तिथे ती बाई बसली होती, सर.”

“नकाशात माणसं दाखवत नाहीत.”

“खोडते.”

“राहू द्या,” ते म्हणाले आणि खाली सही केली. जाताना फाटकापाशी थांबून कोबीच्या झाडाबद्दल विचारलं. मी म्हटलं, लिंब आहे. त्यांनी वर झाडाकडे बघितलं, मग नकाशाकडे, आणि गाडीत बसले.